संकेश्वरचा इंग्रज

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातून पुस्तकं चोरीला जात नाहीत, याचा दर वर्षीच्या अहवालात मोठ्या अभिमानानं उल्लेख असायचा. खरं कारण अहवालात लिहिण्यासारखं नव्हतं. पुस्तक चोरायचं तर आधी ते हातात घ्यावं लागतं.

बेळगावातल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल म्हणून आयुष्य काढलं. ग्रंथपाल म्हणजे शिक्के मारणारी आणि मधूनच "शांतता!" म्हणून ओरडणारी बाई, अशी लोकांची समजूत. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाई मला म्हणाल्या होत्या, "दिवसभर गोष्टीची पुस्तकं वाचायची नोकरी म्हणजे नशीबच की ओ!" मी त्यांना जिलबी वाढायला सांगून विषय बदलला.

माझं खरं काम होतं संदर्भ शोधून देणं. तुम्ही लिहिलंत की अमुक गोष्ट अशी आहे, तर वाचणाऱ्यानं "कशावरून?" असं विचारलं पाहिजे, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडं असलं पाहिजे. ते उत्तर पानाच्या तळाशी बारीक अक्षरात देतात, ती तळटीप. ज्या पुस्तकांच्या जिवावर लिहिलं त्यांची शेवटी यादी देतात, ती संदर्भसूची. नियम एवढाच, की जे पुस्तक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय त्याचंच नाव घ्यायचं. दुसऱ्याच्या पुस्तकात उल्लेख वाचला असेल तर तसं सांगायचं. एवढा साधा नियम. पण तो माझ्यादेखत जितका मोडला गेला तितका चौकातला सिग्नलसुद्धा मोडला गेला नसेल.

एक विद्यार्थी आला, त्यानं मोबाईलवर कपाटांचे फोटो काढले आणि "थँक्यू मॅडम" म्हणून गेला. ते फोटो त्यानं टायपिंगवाल्याला दिले. टायपिंगवाल्यानं पुस्तकांच्या कण्यांवरची नावं ओळीनं टाईप केली आणि झाली संदर्भसूची. फक्त मधल्या एका कपाटावर मी कागद चिकटवला होता. त्यामुळं त्या सूचीत दोन थोर ग्रंथांच्या मधे तिसरा ग्रंथ आला: "वाळवीचे औषध मारले आहे, हात धुवावेत." प्रबंध मंजूर झाला. तो गृहस्थ आज डॉक्टर आहे. हात धुतो की नाही माहीत नाही.

दुसरा किस्सा एका जाडजूड गौरवग्रंथाचा. त्याची पानं छापखान्यातून आली तेव्हा कडेला जोडलेलीच होती, कुणीतरी सुरीनं कापल्याशिवाय उघडणार नव्हती. माझ्या नोकरीभर ती जोडलेलीच राहिली. पण त्या ग्रंथातली वाक्यं मी कितीतरी प्रबंधांत पाहिली. ग्रंथ न उघडता आतलं वाचायची ही विद्या फक्त विद्यापीठांतच शिकवली जाते.

पण हे सगळे चिल्लर नमुने. मला सांगायचंय ते आमच्या सरांबद्दल, रेणुकाबद्दल आणि एका इंग्रज अधिकाऱ्याबद्दल.

आधी सर. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. अब्रूचा प्रश्न नाही. लिहिलं तर ते हाही आपल्या नावाचा एक संदर्भ म्हणून मोजतील. आमच्याच कॉलेजात ते विभागप्रमुख आणि पीएचडीचे मार्गदर्शक. सीमाभागाच्या समाजजीवनावर त्यांचं एक पुस्तक होतं आणि त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या संदर्भसूचीत ते पहिलं असावं लागे. सर प्रबंध वाचत नसत, तोलत असत. दोन्ही हातांवर घेऊन जरा वरखाली करायचे आणि म्हणायचे, "अजून एक प्रकरण हवं."

रेणुका त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होती. विमानतळाशेजारच्या सांबऱ्याची, शेतकऱ्याच्या घरची. आमच्याच कॉलेजात तासांवर शिकवायची. आमच्याकडं अशांना 'गेस्ट' म्हणतात. पाहुणा म्हणायचं आणि बसायला खुर्ची द्यायची नाही, असा तो प्रकार. लग्न झालेलं, घरी लहान मुलगी, आणि सासू रोज विचारायची, "कधी संपायची गं तुझी शाळा?" पीएचडी झाली तर कायम नोकरीच्या रांगेत उभं राहता येणार होतं. नोंदणीची मुदतही संपत आली होती. रेणुकाच्या घरावरून विमानं जातात. त्यामुळं वर घरघर झाली की बोलता बोलता मधेच थांबायची आणि आवाज गेला की त्याच शब्दापासून पुढं सुरू करायची तिला सवय होती. इतकी सबुरी मी दुसऱ्या कुठल्या संशोधकात पाहिली नाही.

तिचा विषय होता सीमाभागातले आठवडी बाजार आणि तिथली भाषा. निपाणी, संकेश्वर, खानापूर इकडच्या बाजारात मराठी आणि कानडी एकाच तराजूत असतात, त्याबद्दल. या विषयावर आजवर ज्यानं ज्यानं लिहिलं त्यानं एक गोष्ट हमखास लिहिली होती: एका इंग्रज अधिकाऱ्यानं नोंदवून ठेवलंय की इथला माणूस भाव कानडीत विचारतो आणि घासाघीस मराठीत करतो. सरांच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरणच या इंग्रजानं सुरू व्हायचं.

एका दुपारी रेणुका माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, ह्या अधिकाऱ्याचं मूळ पुस्तक पायजे होतं."

"सरांच्या पुस्तकात तळटीप असेल की."

"हाय. पण तिथं एका शाळेच्या स्मरणिकेचं नाव दिलंय."

स्मरणिका आमच्याकडं होती. मी काढून दिली. त्यातल्या लेखात इंग्रज होता, पण आधार म्हणून एका जुन्या प्रबंधाचं नाव होतं. तो प्रबंधही आमच्याच कपाटात होता, कारण तो सरांच्याच पहिल्या विद्यार्थ्याचा. रेणुकानं पान काढलं, तळाशी बोट नेलं आणि तिथंच थांबली. मला वाटलं विमान आलं. पण आवाज कसलाच नव्हता.

"काय गं?"

तिनं प्रबंध माझ्याकडं फिरवला. तळटीप होती: "मार्गदर्शकांच्या व्याख्यानातून."

म्हणजे सरांनी स्मरणिकेवरून घेतलं, स्मरणिकेनं प्रबंधावरून आणि प्रबंधानं सरांवरून. देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी. फक्त गाभाऱ्यात देव नव्हता.

खरं सांगते, तोवर माझाही त्या इंग्रजावर विश्वास होता. डोक्यावर टोप, हातात छडी, कपाळावर घाम आणि मिरचीच्या ढिगापुढं उभं राहून काहीतरी लिहून घेतोय, असा तो मला दिसायचा. तेव्हा मी हट्टाला पेटले. इंग्रजांच्या काळातली जिल्ह्याची माहितीपुस्तकं, प्रवासवर्णनं, शेतसाऱ्याचे अहवाल, जे जे आमच्याकडं होतं ते आम्ही दोघींनी चाळलं. धारवाड, पुणे, मुंबई इथल्या ओळखीच्या ग्रंथपालांना विचारलं. उत्तरं साधारण एकाच वळणाची आली: आमच्याकडं नाही, आमचेही अभ्यासक शोधत आहेत, सापडल्यास कळवावे.

शेवटी रेणुका सरांकडं गेली. परत आली ती ओठ घट्ट मिटून.

"काय म्हणाले?"

"ते सर्वश्रुत आहे, म्हणाले."

"सर्वश्रुत म्हणजे कुणीतरी पहिल्यांदा बोललं असेल ना?"

"विचारलं की मी. आधी चिडले. मग म्हणाले, फार पूर्वी संकेश्वरला शिक्षकांचा मेळावा झालता, तिथं एक गुरुजी बोलले. त्यांनी म्हणे मूळ इंग्रजी पुस्तक वाचलंय."

आता गुरुजी शोधणं आलं. संकेश्वरला माझी एक मैत्रीण शाळेत होती, तिला फोन केला. इंग्रज आणि बाजार हे दोन शब्द उच्चारताच ती म्हणाली, "म्हणजे आप्पा गुरुजी. दुसरं कोण असणार?"

रविवारी आम्ही दोघी बसनं गेलो. ऊसतोडीचा हंगाम होता. गावात शिरताच मळीचा वास आणि रस्ताभर ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टर. आप्पा गुरुजी घराच्या कट्ट्यावर पाय सोडून बसले होते. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, किडकिडीत, डोळे अतिशय खट्याळ. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी; समोरच्याला कुठलं अर्धं येतंय ते बघून बदलणारं.

"गुरुजी, तुम्ही एका इंग्रज अधिकाऱ्याचं पुस्तक वाचलंय म्हणे," रेणुका म्हणाली.

"कोण इंग्रज?"

रेणुकानं सरांचं पुस्तक उघडून पहिलं पान वाचून दाखवलं. गुरुजींनी मान वाकडी करून ऐकलं.

"परत वाच बघू, बाळ."

तिनं परत वाचलं. गुरुजी हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, सून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. पाणी पिऊन, डोळे पुसून ते म्हणाले, "अगं, त्यो इंग्रज न्हवं. त्यो मी."

रेणुकानं पुस्तक मिटलं.

"मला बाजाराचा लई नाद. शाळा सुटली की पिशवी घेऊन बाजारात. घ्यायचं काय न्हाय, ऐकायचं. तर ही गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी ती चार मेळाव्यांत सांगितली, माझी म्हणून सांगितली. कोण ऐकतंय? सगळ्यांचं ध्यान उप्पिटाकडं. मग एकदा काय केलं, म्हटलं, एका इंग्रज अधिकाऱ्यानं असं लिवून ठेवलंय. अगं, खिशातनं पेनं निघाली की पटापटा! पुढच्या बाकावर एक तरणा प्राध्यापक होता, त्येनं तर मला उभं करून परत सांगायला लावलं."

तो तरणा प्राध्यापक कोण, ते सांगायची गरज नव्हती.

"मग नंतर खरं का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"विचारलं कुणी? तुम्हीच पहिल्या."

परतीच्या बसमध्ये रेणुका सरांच्या पुस्तकाचं पहिलं पान उघडून त्याकडंच बघत बसली. मला वाटलं खचली. मी समजुतीच्या सुरात म्हटलं, "अगं, वाईट काय वाटून घेतेस? पुस्तक नाही मिळालं, पण पुस्तकाचा बाप मिळाला."

"ते न्हाय ओ मॅडम," ती म्हणाली. "इंग्रज म्हणाला म्हणून सगळ्यांनी लिवलं. गुरुजी म्हणाले म्हणून आता मी लिवायचं. पण हे खरं हाय का न्हाय, ते बाजारात जाऊन कोण बघितलंय?"

मी ग्रंथपाल, मला पुस्तकांच्या पलीकडचं सुचलं नव्हतं. तिला सुचलं.

मग रेणुका बाजारांत जाऊन बसू लागली. कधी निपाणीत एका तंबाखूवाल्याच्या ओट्यावर, कधी संकेश्वरात कांद्याच्या पोत्यांजवळ. सोबत मुलीला न्यायची, म्हणजे सासूची तक्रार नाही आणि बाजारातल्या बायका पोरीच्या निमित्तानं बोलायच्या. ऐकलेलं सगळं तिथल्या तिथं टिपून ठेवायची. परत आली की माझ्या टेबलाशी बसून सांगायची. गुरुजींचं म्हणणं त्यांच्या काळात खरं असेल, पण आता गंमत निराळीच होती. भाव विचारणारा "एष्टु?" म्हणाला तर विकणारी बाई आधी त्याच्या चपलांकडं बघते आणि मग कुठल्या भाषेत सांगायचं ते ठरवते. घासाघीस करताना जो तो दुसऱ्याला जी भाषा कच्ची येते तिच्यात शिरतो, म्हणजे समोरचा शब्द शोधेपर्यंत सौदा आपल्या बाजूला. आणि भांडण जुंपलं की दोघंही आपापली भाषा सोडून हिंदीत जातात, का तर शिवी दिली तरी ती आपल्या घरची वाटत नाही. तिनं हे प्रकरण इतकं सुरेख लिहिलं की वाचताना मला पालापाचोळ्यासकट मेथीचा वास आला.

सरांना मात्र वास आला तो धोक्याचा. रेणुकानं त्यांना इंग्रजाची हकिगत सांगितली तेव्हा मी तिथंच होते. त्यांच्या केबिनमध्ये नवी नियतकालिकं द्यायला गेले होते.

"हे पहा," सर म्हणाले, "संशोधनाला एक परंपरा असते. तो संदर्भ आता प्रस्थापित झालेला आहे. तो तुम्ही वगळू शकत नाही."

"पण सर, तो अधिकारीच नव्हता."

"नव्हता असं कोणत्या ग्रंथात लिहिलंय?"

नसलेल्या माणसावर ग्रंथ कोण लिहील?

"माझी सही हवी असेल," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तर पहिल्या प्रकरणात तो उल्लेख आला पाहिजे. नाहीतर दुसरा मार्गदर्शक बघा."

मुदत तोंडावर आलेली असताना दुसरा मार्गदर्शक बघा म्हणणं म्हणजे गाडी सुटल्यावर दुसरं तिकीट काढा म्हणणं. रेणुका माझ्याकडं आली आणि खुर्चीत बसून रडली. पहिल्यांदा आणि शेवटचं. मी चहा मागवला. तिनं तो प्याला नाही. मग पदराला डोळे पुसून म्हणाली, "मॅडम, उल्लेख आला पायजे म्हणाले ना? आणते की उल्लेख."

तिनं तो आणला. पहिल्या प्रकरणात, सरांना हव्या त्याच जागी, मोठ्या अक्षरांत इंग्रज अधिकारी उभा राहिला. आणि पानाच्या तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत तळटीप आली, की असा कोणताही अधिकारी किंवा त्याचं पुस्तक आढळलं नाही. हे निरीक्षण संकेश्वरचे निवृत्त शिक्षक आप्पा गुरुजी यांचं असून त्यांनी तसं मुलाखतीत सांगितलं आहे. पुढील अभ्यासकांनी मूळ न पाहता हा दावा पुन्हा पुन्हा मांडला. आणि खाली नावं. पहिलं सरांचं.

"अगं, सर वाचतील की!" मी म्हटलं.

"तळटीप?" रेणुका म्हणाली. "सर?"

सरांनी प्रबंध हातावर घेतला, वरखाली केला, पहिलं प्रकरण उघडून इंग्रज जाग्यावर आहे याची खात्री केली आणि सही ठोकली.

व्हायवाचा दिवस आला. व्हायवा म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा. ती सगळ्यांसाठी खुली असते, पण येतात फक्त नातेवाईक आणि ज्यांना पुढं स्वतःची व्हायवा द्यायचीय ते. चिवडा आणि पेढा असतो म्हणून काही प्राध्यापकही येतात. मी मागच्या रांगेत बसले. शेजारी बघते तर आप्पा गुरुजी! धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. पहाटेच्या बसनं आले होते.

"पोरगीनं बोलावलंय," ते कानाशी पुटपुटले. "माझ्यावर परीक्षा हाय म्हणे."

बाहेरचे परीक्षक कोगनोळीपलीकडून, म्हणजे महाराष्ट्रातून आलेले. अंगानं भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त. आता बाहेरचा परीक्षक प्रबंध कसा वाचतो, हे ग्रंथपालाला पक्कं ठाऊक असतं. तो आधी मागची संदर्भसूची उघडतो आणि स्वतःचं नाव शोधतो. मग ते नाव तळटिपांत कुठं आलंय ते शोधतो. ते सापडलं की प्रबंध उत्तम.

परीक्षकांना आपलं नाव सापडलेलं होतं. त्या पानात त्यांनी कागदाचा कपटाही घालून ठेवला होता. कौतुकानं पान उघडून ते म्हणाले, "विद्यार्थिनीनं पूर्वसूरींची चांगली दखल घेतलेली आहे. उदाहरणार्थ ही तळटीप..." आणि ते ती मोठ्यानं वाचू लागले. नाव शोधताना त्यांनी नावच वाचलं होतं, वाक्य नव्हतं. ते आता सभेसमोर पहिल्यांदा वाचत होते.

"पुढील अभ्यासकांनी... मूळ न पाहता..." इथं त्यांचा आवाज खाली आला. तरी वाक्य संपवावं लागलं. आमच्या सरांचा चेहरा असा झाला, जसं एखाद्यानं हसत हसत लोणच्याची फोड समजून अख्खी मिरची चावावी.

परीक्षकांनी चष्मा काढला. "हा अधिकारी अस्तित्वातच नव्हता, असं आपलं म्हणणं आहे? मग हे निरीक्षण ज्यांचं म्हणता, त्यांना आपण प्रत्यक्ष भेटलात?"

"व्हय सर," रेणुका म्हणाली. ती घाबरली की तिची पुस्तकी मराठी पहिली पळून जायची. "ते मागच्या रांगेत बसल्यात."

सगळी सभा मागं वळली. आप्पा गुरुजी सावकाश उभे राहिले, टोपी सारखी केली आणि हात जोडले.

"नमस्कार. इंग्रज मीच."

पोरं हसली. विभागातल्या एका बाईंना चिवड्याचा ठसका लागला. परीक्षक हसले नाहीत.

"आपण शिक्षक असून असत्य कसं सांगितलंत?"

"असत्य एवढंच की त्यो इंग्रज होता," गुरुजी नम्रपणे म्हणाले. "बाकी बाजार खराच होता, साहेब. तुम्ही कधी गेलतासा काय?"

परीक्षक गेले नव्हते. आमचे सरही नव्हते. सरांच्या घरी भाजी घरपोच येते.

मग आम्हाला बाहेर काढून आत चर्चा झाली. रेणुका व्हरांड्यात मुलीला घट्ट धरून उभी होती. तिचा नवरा, तलाठी कचेरीतला साधा माणूस, मला विचारत होता, "नापास करत्यात काय ओ मॅडम? बाजारात एवढे महिने काढले तिनं." मी "नाही हो" म्हटलं, पण माझं लक्ष बंद दाराकडंच होतं.

परत आत बोलावल्यावर परीक्षक म्हणाले, "प्रबंध मंजूर करण्यास हरकत नाही. मात्र एक दुरुस्ती. तळटिपेतली नावं काढावीत."

वरून विमान गेलं. रेणुका सवयीनं थांबली. ते गेल्यावर शांतपणे म्हणाली, "काढते सर. पण मग 'आजवर एकाही अभ्यासकानं मूळ पाहिलेलं नाही' असं लिवावं लागेल. त्यात सगळेच येतील."

परीक्षकांनी जरा विचार केला. आमच्या सरांकडं पाहिलं. सरांनी हळूच मान हलवली. अखेर परीक्षक म्हणाले, "असू द्यात नावं. उल्लेख तो उल्लेख."

अशी रेणुका डॉक्टर झाली. तुम्हाला वाटेल, आता सगळं गोड झालं असेल. पुढच्या वर्षी आमच्या कॉलेजात कायम जागा निघाली ती सरांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याला मिळाली. त्याच्या प्रबंधात इंग्रज ताठ मानेनं उभा होता, तळटिपेशिवाय. रेणुका आणखी काही वर्षं पाहुणीच राहिली आणि मग निपाणीकडच्या एका कॉलेजात लागली, स्वतःच्या जोरावर. सरांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं की इंग्रज अधिकाऱ्याबद्दलचा रूढ गैरसमज आपल्या मार्गदर्शनाखाली दूर झाला. तो रूढ कुणी केला, याला मात्र तळटीप नव्हती. मी ती आवृत्ती नोंद करून कपाटात लावली. ग्रंथपालाला पुस्तक नाकारता येत नाही. त्याची मला कधी कधी खंत वाटते.

मी निवृत्त झाले. आप्पा गुरुजी गेल्या साली वारले.

आणि परवा एक तरुण प्राध्यापक माझ्या घरी आले. चांगले शिकलेले, नम्र. म्हणाले, "मॅडम, सीमाभागातल्या बाजारांवर पेपर लिहितोय. सगळे संदर्भ झालेत, फक्त एक पुस्तक कुठं मिळत नाही." त्यांनी मोबाईलवर कुठल्यातरी चॅटबॉटला विचारून काढलेली यादी दाखवली. त्यात आमचा इंग्रज होता! आता त्याला पूर्ण नाव होतं, हुद्दा होता, लंडनचा प्रकाशक होता, पान क्रमांकसुद्धा होता. गुरुजींनी थाप मारली तेव्हा निदान बाजार तरी पाहिला होता. या यंत्रानं सरांसारखंच केलं होतं. फक्त त्याला वेळ कमी लागला.

मी रेणुकाला फोन लावला आणि यादी वाचून दाखवली. तिनं ती पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाली, "गुरुजी गेले आन इंग्रज राह्यला की ओ मॅडम." आणि लगेच, "त्यांना निपाणीला पाठवा. बाजारादिवशी. मी हाय तिथं."

प्राध्यापक जरा नाराजीनंच गेले. बाजाराचा संदर्भ कोणत्या पद्धतीनं द्यायचा, असं दारातून विचारत होते. म्हटलं, आधी जाऊन या.

पुढच्या आठवड्यात आले, घामाघूम. हातातल्या पिशवीत मेथीच्या भल्यामोठ्या जुड्या, निम्म्या पिवळ्या पडलेल्या. सोफ्यावर बसत म्हणाले, "मॅडम, एका म्हातारीनं मला मराठीत गोड बोलून थांबवलं, कानडीत मोजलं, आणि मी तक्रार केली तर हिंदीत हाकललं. तिन्ही भाषांत फसवलं हो!"

मी उठून त्यांना कागद आणि पेन आणून दिलं. म्हटलं, "लिहा. हे तुम्ही स्वतः पाहिलंय."